आपत्कालीन सेवा जिल्ह्यांवरचा भार मोजून सांगा

संपादक महोदय,

टेक्सासमध्ये शहरहद्दीबाहेरच्या अनेक वसाहतींत, जिथे आमच्यासारखी मराठी कुटुंबेही राहतात, अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवा ‘आपत्कालीन सेवा जिल्हे’ पुरवतात. त्यांच्या मालमत्ता कराला राज्यघटनेनेच 100 डॉलर मूल्यांकनामागे 10 सेंटची मर्यादा घातली आहे. या जिल्ह्यांविषयीच्या विधेयकासोबत विधिमंडळाचे अर्थसंकल्प मंडळ खर्चाचे टिपण जोडते खरे, पण त्यात स्थानिक संस्थांवरचा भार ‘लक्षणीय नाही’ एवढेच लिहिले असेल, तर ज्या छोट्या जिल्ह्याने ही मर्यादा आधीच गाठली आहे तो नवा खर्च बंबातून कापणार की माणसांतून, हे मतदाराला कळत नाही. लहान जिल्ह्यांचा हिशेब वेगळा मांडल्याशिवाय असे विधेयक मतदानाला घेऊ नये, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक मराठी रहिवासी, ऑस्टिन