कानामागची दाढी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, फेसलिफ्टवर (म्हणजे गालाची-मानेची सैल कातडी ताणून बसवण्याच्या ऑपरेशनवर) अर्धं पान लेख आला. त्यात पुष्कळ काही होतं. ऑपरेशननंतरची रात्र तेवढी नव्हती. 'दुसऱ्या दिवशी घरी' एवढ्यावर ती उरकली होती. माझी कशी गेली ते सांगतो.

वय बासष्ट, धंदा विम्याचा. मुलाचं लग्न ठरलं आणि हनुवटीखाली लोंबणारं कातडं फोटोत बघवेना. साखरपुड्याच्या तीन आठवडे आधीची तारीख घेतली. इथेच पहिली माती खाल्ली. सूज आणि काळेनिळे डाग उतरायलाच दोन-तीन आठवडे जातात, चेहरा नीट बसायला काही महिने. शिवाय डाग गालावरून मानेवर ओघळतात आणि जाता जाता पिवळे पडतात. साखरपुड्याला माझी मान अशी पिवळी, की हळद आधी मलाच लागली म्हणावं.

दुसरी चूक महागात पडली. 'रात्री बारानंतर तोंडात काही घालायचं नाही,' असं बजावलं होतं. मी एकादशी निरंकार करणारा माणूस, सकाळची बीपीची गोळीही घेतली नाही. ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हे कोणी आपणहून सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बीपीच्या बहुतेक गोळ्या त्या दिवशीही चालू ठेवतात, काही मुद्दाम थांबवतात. भूलतज्ज्ञासमोर गोळ्यांची पाकिटंच नेऊन ठेवावीत.

संध्याकाळी सातच्या सुमाराला डावा गाल तटतटायला लागला. उजवा गप्प होता. पट्टीच्या आत कोणी फुगा फुगवतंय असं वाटत होतं. नर्स म्हणाली, 'काका, थोडं दुखणारच.' आमच्या सौभाग्यवतींना ते पटलं नाही. त्यांनी पट्टीच्या कडेला बोट टेकवून बघितलं, गाल सुपारीसारखा टणक. सकाळची गोळी चुकलेली, बीपी १८०, आणि त्या दाबानं आत रक्त साकळत होतं. सर्जन गावाच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्यावर गर्दीची वेळ, आणि हॉस्पिटलात त्या मजल्यावर एकच तरुण डॉक्टर. रात्री साडेनऊला मला परत थिएटरात नेऊन साकळलेलं रक्त काढलं.

कातडीखाली रक्त साकळणं, या ऑपरेशनात सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत हीच, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत होते. पुरुषांत प्रमाण जास्त, कारण दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा जास्त असतो. रक्त वेळेत काढलं नाही तर वरच्या कातडीचा जीव जातो. म्हणून एकाच गालाचं वाढत जाणारं दुखणं अंगावर काढू नये. आणि तारीख घेण्याआधी विचारावं, की रात्री कोण असणार, सर्जनला पोचायला किती वेळ लागतो. त्या रात्री मी घरी असतो तर काय, याचा विचार मी टाळतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवायच्या असतात हे मला ठाऊक होतं. माझी अ‍ॅस्पिरिन हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच बंद केली (स्वतःच्या मनानं कोणी करू नये). पण रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या आणि मुलीनं पाठवलेल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांचा उल्लेख करायचं सुचलंच नाही. त्याही सांगायच्या असतात. सिगारेट, तंबाखू, मशेरी तर निदान महिनाभर आधीपासून बंद. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेली कातडी कानाच्या आसपास काळी पडू शकते. यात डॉक्टरांशी खोटं बोलणाऱ्यांना मी ओळखतो. एक आरशात दिसतो.

आता दाढीचं. गालाची कातडी मागे ओढतात तेव्हा दाढीही मागे जाते. सलूनवाल्यानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा वस्तरा हवेत धरून विचारलं, 'काका, कानामागं दाढी कधीपासून?' आता तिथे रोज वस्तरा फिरवतो, तोही चाचपून, कारण कानाची पाळी पाच महिने बधिर होती. कापलं तरी रक्त दिसल्यावर कळायचं. बायकांनी कुड्या घालताना हे लक्षात ठेवावं.

आणि डोळे? डोळ्यांखालच्या पिशव्या होत्या तिथेच आहेत. फेसलिफ्ट जबड्याची आणि मानेची ढिलाई आवरतं. पापण्या, कपाळ, ओठांवरच्या बारीक रेघा, उन्हानं करपलेली कातडी हा त्याचा प्रांत नाही. त्यामुळे माझी मान पन्नाशीची आणि नजर साठीपार, असा विजोड मामला झाला आहे.

आपल्या पुण्याचं या शास्त्राशी नातं जुनं आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या एका मराठा गाडीवानाला इथल्याच एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून नाक करून दिलं, आणि त्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. त्या बिचाऱ्याला नाक हवं होतं; मला नाक वर करून मिरवायचं होतं. पण त्या कारागिराच्या नावावर आज कोणी पाटी लावू शकत नाही. एमएस या सर्जरीच्या पदवीनंतर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही वरची पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद आहे का, हे बघावं. 'कॉस्मेटॉलॉजी'चं प्रमाणपत्र म्हणजे सर्जन नव्हे.

पैशांचं मला धंद्यामुळे ठाऊक होतं: हौसेच्या सौंदर्य-शस्त्रक्रियेला आरोग्य विम्यात क्लेम नाही. मात्र बिलावर १८ टक्के जीएसटी बघून मीही दचकलो. इतर बहुतेक उपचारांना तो नसतो, याला असतो. अंदाजपत्रक घेताना तो धरूनच रक्कम विचारावी, आणि पुन्हा थिएटरात न्यावं लागलं तर पैसे कोणाचे, हेही लिहून घ्यावं. तीस वर्षं लोकांना पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचायला सांगत आलो. संमतीपत्रावर मात्र चष्मा न लावताच सही केली.

पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती. साखरपुड्यातल्या सुजलेल्या गालाचं कारण व्याह्यांना अक्कलदाढ असं सांगितलेलं आहे.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे