बाबा, ते मशीन तुमच्यासाठी नाही

पवई, मुंबई
संक्रांतीनंतरचा रविवार

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

शेंगाचटणीचा डबा पोचला. अर्धा मैत्रिणींनी संपवला, उरलेला मी कपाटात लपवलाय.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितेय. याचा फोटो आईच्या व्हॉट्सॲपवर पाठवते, तिनं मोठ्यानं वाचून दाखवावं. आईकडून कळलं की बाबांनी फिटच्या गोळ्या पंधरा दिवसांपासून बंद केल्यात आणि त्याला कारण मी आहे. 'आपली पोरगी मेंदू बघायचं हिऱ्याचं मशीन करतीय, ते आलं की बघू,' असं अशोक चौकातल्या चहाच्या गाड्यावर सांगताय म्हणे. आधी हसू आलं. नंतर झोप उडाली.

मागच्या वर्षी तुमच्या डोक्याला तारा चिकटवून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला, तो नॉर्मल आला आणि तो कागद तुम्ही निर्दोष सुटल्याच्या दाखल्यासारखा जपून ठेवलात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईईजी नॉर्मल येऊ शकतो, आजार असतानाही. हे तिथं तुम्हाला कुणी समजावलं नाही, याचा मला अजून राग आहे. माणसाच्या मेंदूचा असा आलेख हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली पहिल्यांदा काढला. शंभर वर्षं झाली, अडचण तीच आहे: पेशी आत, तारा बाहेर, मधे कवटीचं हाड. आपल्या शेडच्या भिंतीला बाहेरून कान लावावा तसं. माग चालू आहेत एवढं कळतं, कुठल्या मागाचा धोटा अडकला ते कळत नाही. तुम्ही मात्र आत उभे राहून, त्या खडखडाटात आईशी डब्याबद्दल बोलता बोलता एकदम तिसऱ्या मागाकडे धावायचात. आम्हाला तुमच्यासारखा कान हवाय.

चेतापेशीचा, म्हणजे मेंदूतल्या निरोप नेणाऱ्या पेशीचा, विजेचा एक ठोका साधारण मिलिसेकंदभर टिकतो. तेवढ्या वेळात तिच्यातून वीज वाहते, आणि वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र उमटतं. हाड विजेला पसरवून टाकतं, चुंबकीय क्षेत्राला जवळपास अडवत नाही. ते क्षेत्र पकडायला हिरा लागतो. आई, दागिन्यातला नव्हे. प्रयोगशाळेत वाढवलेला, काही मिलिमीटरचा तुकडा. कार्बनच्या जाळीत एका जागी नायट्रोजनचा अणू घुसलेला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी. चादरीत टाका चुकावा तसा दोष. आपल्याकडे असा नग बाजूला निघायचा आणि तुम्ही कारागिरावर ओरडायचात. इथं त्या दोषासाठीच पैसे मोजतात.

त्या दोषावर हिरवा लेझर टाकला की तो लाल चमकतो. मग २.८७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडायच्या (तुमच्या सुनेच्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या २.४५ आहेत, फार लांब नाही). नेमक्या त्या आकड्यावर लाल चमक किंचित मंदावते. जवळ चुंबकीय क्षेत्र आलं की हा आकडा सरकतो, नॅनोटेस्लाला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं बारीक माप) २८ हर्ट्झ या हिशेबानं. आम्ही पेशी हिऱ्यावर ठेवतो, कॅमेऱ्यानं चमक बघतो आणि आकडा कुठं किती सरकला त्यावरून वीज कुठून वाहिली ते काढायचा प्रयत्न करतो. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या आधीच्या यंत्रांना उणे २६९ अंशांचा द्रव हेलियम लागतो. हिरा साध्या खोलीत चालतो. पण लाडका फार. खोली एका अंशानं तापली तरी आकडा हलतो आणि ते हलणं पेशीच्या हाकेपेक्षा कितीतरी मोठं असतं, त्यामुळे ती चूक वेगळी काढावी लागते. लिफ्ट हलली तरी त्याला कळतं. म्हणून मी रात्री काम करते, आई, जेवणं टाळते म्हणून नव्हे.

आता खरी गोष्ट. २०१६ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या लोकांनी हिऱ्यानं एकाच चेतापेशीचा ठोका टिपला. पण तो माणसाचा नव्हता. समुद्री किडा आणि माकूळ, ज्यांचे चेतातंतू निसर्गानंच दोरखंडासारखे जाड केलेत. तिथंसुद्धा क्षेत्र काही नॅनोटेस्ला. पृथ्वीचं स्वतःचं आपल्याकडे ४० हजारांच्या आसपास. एवढ्या गोंगाटात तो ठोका दिसावा म्हणून पेशीला शेकडो वेळा ठोका द्यायला लावून सरासरी काढली. शंभर वेळा ऐकलं तर गोंगाट फक्त दहापट कमी होतो, हेही गणित क्रूर आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशी कितीतरी बारीक, त्यांचं क्षेत्र त्याहून क्षीण, आणि हिरा पेशीला जवळजवळ चिकटून हवा. केसाच्या जाडीइतकं अंतरसुद्धा जड जातं. तुमच्या डोक्यात हिरा घालून बघायची सोय नाही, आणि मी असेपर्यंत कुणाला घालूही देणार नाही.

डोक्याबाहेरून बघणारी दुसरी क्वांटम यंत्रं (हिऱ्यासारखीच, अणूंच्या सूक्ष्म वागण्यावर चालणारी) आहेत, रुबिडियम धातूच्या वाफेची. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ती शिरस्त्राणासारखी डोक्यावर घालून माणसं पेय पीत, बॅटवर चेंडू उडवत बसली होती आणि मेंदूचं मोजमाप चालू होतं. तुमच्या आजाराला पुढेमागे त्यांचा उपयोग होईल असं मला वाटतं. पण चुंबकीय कवचाची वेगळी खोली लागते, आणि ती सोलापुरात उद्या येत नाहीय. सरकारनं २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, सहा हजार कोटींच्या वर, आणि त्यातलं संवेदकांचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. तुम्हाला चौकात सांगायला एवढं पुरेल.

फिट म्हणजे काय, हे तुम्हाला मागाच्याच भाषेत सांगते. एरवी शेडमधले माग आपापल्या चालीनं चालतात, म्हणून जमीन नुसती थरथरते. सगळ्यांचा धोटा एकाच क्षणी फिरू लागला तर? भिंती हादरतील. मेंदूत तसंच होतं, खूप पेशी एकदम एका तालावर. गोळी ती एकी होऊ देत नाही. गोळी चुकली आणि वर जागरण झालं की धोका वाढतो, आणि तुम्ही यंदा नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दोन्ही केलंत. होम मैदानावरच्या त्या गर्दीत काही झालं असतं तर... जाऊ द्या.

बाबा, उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून पंधरा दिवसांचा खंड पडलाय हे सरळ सांगा आणि ते सांगतील त्या मात्रेनं गोळी सुरू करा. आपल्या मनानं नको. ते हो म्हणेपर्यंत लुनाची किल्ली आईकडे.

शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघते. शनिवारी पहिल्यांदा गोळ्यांची पाकिटं मोजणार आहे.

तुमची,
सुमी

ता. क. आई, झटका आला तर कांदा हुंगवू नकोस, चप्पल तर मुळीच नको, तोंडात चमचाही नको. कुशीवर वळव, डोक्याखाली चादरीची घडी ठेव आणि घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन लाव.