रिकॉल जाहीर झाला, दुरुस्ती मात्र रखडली : गाडीच्या सैल बाह्य पट्ट्यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

विषय : वाहनाच्या बाहेरील सैल पट्ट्यांसाठी कंपनीने जाहीर केलेल्या रिकॉलची दुरुस्ती न झाल्याबाबत तक्रार.

महोदय,

मी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यातला शेतकरी असून आपल्या कंपनीची एसयूव्ही माझ्या नावावर नोंदलेली आहे. हे पत्र मी स्वतःसाठी, तसेच हिंगणघाट आणि समुद्रपूर तालुक्यांतील याच मॉडेलच्या इतर गाडीमालकांच्या वतीने लिहीत आहे. त्यांच्या सह्या आणि गाड्यांचे चेसिस क्रमांक सोबत जोडले आहेत. वर्कशॉपमधील भेटींच्या तारखा, जॉबकार्डच्या प्रती आणि फोटो हेही जोडपत्रात असल्यामुळे त्यांची उजळणी येथे करत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या कंपनीचे रिकॉलचे, म्हणजे सदोष गाड्या मोफत दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे, पत्र आम्हा सर्वांना मिळाले. पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना असलेल्या उभ्या पट्ट्या आणि दरवाज्यांच्या खालचे क्लॅडिंग (प्लास्टिकचे बाहेरचे आवरण) ज्या क्लिपांवर व चिकट टेपवर बसवलेले आहे, त्या क्लिपा आणि तो टेप सदोष असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते. चालत्या गाडीवरून हे भाग सुटून पडू शकतात, म्हणून ते मोफत बदलून दिले जातील, तोपर्यंत गाडी जास्त वेगाने चालवू नये आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये हे काम करून घेऊ नये, अन्यथा त्या भागाची वॉरंटी राहणार नाही, असेही त्यात म्हटले होते. कंपनीने आपणहून दोष कबूल केला याचे आम्हाला तेव्हा समाधानच वाटले होते, हे येथे नमूद करतो.

त्यानंतर मात्र पत्रात लिहिलेले काहीही घडलेले नाही. नागपूरच्या वर्कशॉपमध्ये अपॉइंटमेंट घेऊन गेले की गाडी रॅम्पवर घेतली जाते, फोटो काढले जातात, जॉबकार्ड फाडले जाते आणि ‘पार्ट आल्यावर कळवू’ असे सांगून गाडी होती तशी परत दिली जाते. टोल फ्री क्रमांकावर फोन केला तर ‘आपल्या डीलरशी संपर्क साधा’ असे उत्तर मिळते, आणि डीलर म्हणतो की कंपनीकडून मालच येत नाही. आपल्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकला असता ‘रिकॉल प्रलंबित’ एवढेच दिसते. केव्हापर्यंत प्रलंबित, याचा तेथे उल्लेख नाही. ही टोलवाटोलवी आता खरीप पेरणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत येऊन पोहोचली आहे.

दोषाचे स्वरूप आपल्या कार्यालयात बसून कदाचित लक्षात येत नसेल, म्हणून माझ्या गाडीचे सांगतो. ड्रायव्हरच्या बाजूची काचेलगतची पट्टी वरच्या टोकाला इतकी उचलली गेली आहे की तिच्याखाली करंगळी सहज जाते. आतली पांढरी प्लास्टिकची क्लिप एका बाजूने तुटली असून तिचा उरलेला दात पट्टीच्या खाचेत न बसता नुसताच टेकलेला आहे. टेपचा फोम उन्हाने कडक होऊन बोटाने चोळला तर त्याचा भुगा होतो आणि त्यावर आमच्या भागातील काळ्या मातीची धूळ बसल्यामुळे तो पुन्हा दाबूनही चिकटत नाही. गाडीने साठचा वेग ओलांडला की तेथून शिट्टीसारखा आवाज सुरू होतो आणि वेग वाढवला की पट्टी काचेच्या कडेवर आपटू लागते. पावसाळ्यात त्या फटीतून पाणी आत जाऊन डॅशबोर्डच्या कोपऱ्यापर्यंत ओल आली होती, त्याचाही फोटो जोडला आहे.

हे सर्व दाखवल्यावर वर्कशॉपमधील सुपरवायझरने ‘साहेब, पट्टीच तर आहे, इंजिनचा प्रॉब्लेम थोडाच आहे’ असे उत्तर दिले. हे उत्तर सौजन्याने दिले गेले, त्यामुळे त्या व्यक्तीबद्दल माझी तक्रार नाही. पण कंपनीची भूमिकाही तीच असेल तर तिला माझा ठाम आक्षेप आहे. आमच्यापैकी एका मालकाच्या गाडीचे डाव्या बाजूचे क्लॅडिंग जाम चौरस्त्याच्या अलीकडे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 वर सुटले. मागून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मध्ये बसलेले लहान मूल येत होते. ती हातभर लांबीची प्लास्टिकची फळी रस्त्यावर दोन उड्या घेऊन त्यांच्या चाकासमोर पडली. मोटारसायकलवाल्याने गाडी कशीबशी साइडपट्टीवर उतरवली म्हणून निभावले. तो माणूस त्या गाडीमालकाला जे बोलला ते येथे लिहिण्यासारखे नाही, पण त्यातील एकही शब्द अनाठायी नव्हता, आणि खरे तर ते बोलणे आपल्या कंपनीच्या वाट्याचे होते.

बाहेरची पट्टी सुटणे ही क्षुल्लक बाब नाही, हे मोटार उद्योगाला चांगले ठाऊक आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने 2024 च्या जानेवारीत 2011 ते 2019 या मॉडेल वर्षांच्या सुमारे 19 लाख एक्सप्लोरर गाड्यांचा रिकॉल केला, तो नेमका काचेच्या कडेच्या खांबावरील पट्टीच्या क्लिपा नीट न बसल्याच्या कारणावरून. टेस्लाने 2025 च्या मार्चमध्ये 46,096 सायबरट्रक गाड्यांचा रिकॉल केला, कारण छताच्या कडेचा स्टीलचा पत्रा ज्या चिकट द्रव्याने बसवला होता ते ठिसूळ होऊन पत्रा सुटत होता. तेथे उपाय म्हणून नुसत्या चिकटवण्यावर न विसंबता नट-बोल्टने आवळलेला नवा भाग बसवण्याचे ठरले. दोन्ही ठिकाणी कारण एकच नोंदवले गेले : सुटलेला तुकडा मागून येणाऱ्यासाठी अपघाताचे निमित्त ठरू शकतो. अमेरिकेच्या रुंद रस्त्यांवर मागून येणारा बहुधा मोटारीत बसलेला असतो. आमच्याकडे तो मोटारसायकलवर असतो, आणि अनेकदा हेल्मेटशिवाय.

वर्कशॉपमध्ये आणखी एक कारण आमच्या कानावर घातले जाते, ते म्हणजे विदर्भातील ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि उभ्या गाडीचा पत्रा हाताला चटका देतो, हे खरे आहे. परंतु विदर्भातील ऊन आम्ही गाडी घेतल्यानंतर सुरू झालेले नाही. येथे गाडी विकायची असेल तर येथील उन्हात टिकणारा टेप वापरणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. शिवाय आपल्याच पत्रात दोष निर्मितीचा असल्याचे मान्य केलेले असताना वर्कशॉपने तो हवामानावर, पांदण रस्त्यांवर किंवा ‘गाडी प्रेशरने धुतली असेल’ अशा शक्यतांवर ढकलणे योग्य नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मागील भेटीत गाडी वर्कशॉपमध्ये असताना मी शेजारच्या शोरूममध्ये उभी असलेली याच मॉडेलची नवी गाडी पाहिली. तिच्या पट्टीखाली पांढऱ्या प्लास्टिकच्या क्लिपेऐवजी धातूची पिन असलेली काळी क्लिप बसवलेली होती, आणि विक्री प्रतिनिधीनेही ‘हे नवीन लॉटमध्ये सुधारलेले आहे’ असे अभिमानाने सांगितले. याचा अर्थ सुधारित भाग तयार होत आहे आणि तो कारखान्यापर्यंत नियमित पोहोचतही आहे. म्हणजे प्रश्न माल नसण्याचा नसून तो कोणाला आधी द्यायचा याचा आहे, आणि ज्यांनी पूर्ण पैसे भरून सदोष गाडी घेतली त्यांच्याआधी अजून न विकलेल्या गाडीला तो दिला जात आहे. माझी समजूत चुकीची असेल तर आपण ती लेखी खुलाशाने दूर करावी. ती बरोबर असेल तर हा निर्णय कोणी व कोणत्या आधारावर घेतला हे आम्हाला कळवावे.

दोष जाहीर करून कंपनी मोकळी झाली आणि जोखीम आमच्या अंगावर आली, अशी आजची स्थिती आहे. उद्या पट्टी सुटून कोणाला इजा झाली तर ‘वेगाने चालवू नका असे आम्ही कळवले होते’ हे सांगायला आपल्याजवळ पत्र आहे. आम्ही गावातल्या गॅरेजमध्ये दोन स्क्रू मारून घेतले तर वॉरंटी जाते, आणि न मारता गाडी चालवली तर धोका माहीत असूनही चालवल्याचा ठपका येतो. गाडी घरी उभी ठेवा म्हणावे, तर बँकेचा हप्ता उभा राहत नाही. आमच्यापैकी काहींनी शेवटी काळ्या इन्सुलेशन टेपने पट्ट्या बांधून ठेवल्या आहेत. लाखो रुपयांच्या गाडीची ही शोभा पाहून पाहुणे हसतात, ते वेगळेच.

ग्रामीण ग्राहकाची अडचण आपल्या यंत्रणेत कोठेही धरलेली दिसत नाही. शहरातील मालक ऑफिसला जाता जाता गाडी वर्कशॉपला टाकतो. आम्हाला नागपूरला जायचे म्हणजे पूर्ण दिवस, डिझेल आणि टोल, आणि वेचणीच्या दिवसांत मजूर सोडून जावे लागते. गावात रात्री-बेरात्री कोणी आजारी पडले तर सेवाग्रामच्या रुग्णालयापर्यंत याच गाड्या जातात, आणि त्या वेळी वेग किती ठेवावा हे आपल्या पत्राला विचारून ठरवता येत नाही. येळाकेळीवरून समृद्धी महामार्गाला लागायचे आम्ही बंदच केले आहे, कारण तेथे इतर गाड्या 120 च्या वेगाने जात असताना साठने रांगत राहणे हाच एक धोका आहे. आमच्यातील एकाची गाडी प्रवासी परवान्याची आहे. फिटनेसच्या तपासणीला लोंबणारी पट्टी घेऊन जाण्याची त्याला धास्ती आहे. दुसऱ्याला गाडी विकायची होती, तर घेणाऱ्याने रिकॉल प्रलंबित असल्याचे पाहून भाव पाडला. गाडी विकताना मात्र आपले प्रतिनिधी बाजाराच्या दिवशी हिंगणघाटला मंडप टाकून बसत होते आणि टेस्ट ड्राइव्हसाठी गाडी थेट शेताच्या धुऱ्यापर्यंत आणत होते.

कायद्याची बाजूही नम्रपणे निदर्शनास आणतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 110अ नुसार चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरील इतर व्यक्तींना इजा पोहोचू शकेल असा दोष रिकॉलचा विषय ठरतो. उत्पादकाने स्वतःहून दोष सरकारला कळवून रिकॉल सुरू केला तर त्याला त्या कलमाखालील दंडातून सूट मिळते. ही सूट केवळ पत्रे पाठवण्याबद्दल दिलेली नाही, तर गाड्या दुरुस्त व्हाव्यात म्हणून दिलेली आहे, अशी आमची समजूत आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे आम्हाला यासाठी आपल्या मुख्य कार्यालयाच्या शहरात येण्याची गरज नाही, वर्धा पुरेसे आहे.

आमच्या मागण्या माफक आहेत. प्रत्येक चेसिस क्रमांकासाठी दुरुस्तीची निश्चित तारीख लेखी कळवावी. ‘लवकरच’ हा शब्द आता नको. सुधारित क्लिपा व पट्ट्या नव्या गाड्यांच्या आधी रिकॉलमधील गाड्यांसाठी राखून ठेवाव्यात. पट्टी बदलणे हे रॅम्प किंवा मोठी यंत्रे लागणारे काम नाही, त्यामुळे सुटे भाग आणि दोन मेकॅनिक घेऊन हिंगणघाटला एक सर्व्हिस कॅम्प घेतल्यास दोन्ही तालुक्यांतील गाड्या तेथेच होतील. जागेची आणि विजेची सोय आम्ही करू. तोपर्यंत सैल भाग तात्पुरते आवळून देण्याचे किंवा काढून ठेवण्याचे काम कंपनीने आपल्या खर्चाने करावे आणि त्याने वॉरंटीला बाधा येणार नाही असे लेखी द्यावे. ज्यांनी नाइलाजाने बाहेर पैसे खर्च केले त्यांना पावतीनुसार ते परत मिळावेत आणि दुरुस्तीला लागलेला काळ वॉरंटीच्या मुदतीत वाढवून मिळावा. यांपैकी सर्वांत तातडीची मागणी तात्पुरत्या कामाची आहे, कारण तिला कोणत्याही सुट्या भागाची वाट पाहावी लागत नाही.

या पत्राचे लेखी उत्तर 15 दिवसांत, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी व स्वाक्षरीने मिळावे. संगणकाने आपोआप पाठवलेला ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ हा संदेश आम्ही उत्तर म्हणून धरणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवून आम्ही सर्व मालक वर्धा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू आणि या पत्राची प्रत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडेही पाठवू.

आपला,
(स्वाक्षरी)
तक्रारदार वाहनमालक, स्वतःकरिता व सोबत सही करणाऱ्या वाहनमालकांकरिता
तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा

सोबत : रिकॉल पत्राची प्रत, जॉबकार्डच्या प्रती, फोटो, वाहनमालकांच्या सह्या व चेसिस क्रमांकांची यादी.