बुरुजाला हिरकणी चालते, भिंतीवर का चालत नाही?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका सरकारी प्रदर्शनातून माझं चित्र काढलं गेलं. उद्घाटनाला आपण स्वतः होतात. ‘शासन महिला चित्रकारांच्या पाठीशी आहे,’ असं माइकवर म्हणालात. दुसऱ्या दिवशी चित्रावर चादर पडली, तिसऱ्या दिवशी ते जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून. पाठीशी म्हणजे हे असेल तर आपण शब्द पाळलात.

चित्र हिरकणीचं. कडा उतरून घरी पोचलेली, गुडघे सोललेले, पदर फाटलेला आणि बाळ अंगावर पीत असलेलं. सगळे तिला कड्यावर लोंबकळतानाच रंगवतात. ती उतरली कशासाठी, हे रंगवलं की आक्षेपार्ह! रायगडावर तिच्या नावाचा बुरुज, बसस्थानकांत तिच्या नावाचे कक्ष (मी पाहिलेल्या पाचांतल्या तिनांना कुलूप होतं), आणि १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताहाची भाषणं. नाव चालतं. बाई चालत नाही.

अधिकाऱ्यांचा फोन आला, ‘मॅडम, प्रदर्शनाला लहान मुलं येतात हो.’ अहो, चित्रातही लहान मूलच आहे. त्याची काही तक्रार नाही.

१७८३ साली पॅरिसमध्ये एलिझाबेथ विजे ल ब्रँ हिने राणी मारी आंत्वानेतला साध्या मलमलीच्या झग्यात रंगवलं. राणी आतल्या कपड्यांत बसल्यासारखी दिसते म्हणून ओरड झाली आणि चित्र प्रदर्शनातून उतरवावं लागलं. सहाशेच्या वर व्यक्तिचित्रं करणारी बाई ती. बाळंतपणाच्या कळा येत असतानाही मधल्या वेळात ब्रश चालवत होती. पण तिला निदान राणीचं दुसरं चित्र तिथे लावता आलं. मला खिळासुद्धा परत मिळाला नाही.

आणि ही आपली संस्कृती म्हणे! चोळकालीन ब्राँझमधली यशोदा कृष्णाला पाजते आहे, ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिथे आहे तेच बरं, इथे जिन्याखाली गेली असती. मासिकाच्या मुखपृष्ठावरची पाजणारी आई अश्लील नाही, असं केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं. पण तुमच्या खात्यात निकाल वाचतो कोण? कलाशाळांत शिकवायला माणसं नाहीत, पुतळ्यांच्या निविदा मात्र वेळेवर निघतात.

तीस वर्षं मी पतसंस्थांच्या अध्यक्षांची व्यक्तिचित्रं करून घर चालवलं. किती हनुवट्या कमी केल्या, त्याचा हिशेब नाही. लेक तीन महिन्यांची असताना असेच एक साहेब समोर बसले होते. आत ती रडायला लागली, माझा ब्लाउज भिजला, आणि ‘पाच मिनिटं थांबा’ एवढं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. साहेबांची मिशी व्हायची होती. दिवसभर गडावर दूध घालणारी आणि स्वतःचं मूल उपाशी ठेवलेली ती गवळण मला त्या दिवशी कळली. चित्रातला ओला ब्लाउज माझा आहे.

मला मानपत्र नको. चित्र कोणी उतरवलं आणि कोणत्या नियमाने, ते सहीशिक्क्यानिशी लेखी द्या. प्रदर्शन संपायला नऊ दिवस आहेत, तेवढ्यात ते परत लावा. आणि चित्र ताब्यात घेताना मला जी पावती दिली, तीही दुरुस्त करून द्या. तिच्यावर लिहिलंय, ‘बाई, १ नग’. बाळाची नोंदच नाही.

आपली,
एक व्यक्तिचित्रकार