रोजनामा वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. मागच्या खेपेस घरी आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तुम्ही विचारलंत, "बोर्डावर रोज किती असतात?" मग तास-दीड तास आपण बोर्डाबद्दलच, म्हणजे कोर्टात त्या दिवशी लागलेल्या प्रकरणांच्या यादीबद्दलच, बोलत बसलो आणि आभार तसेच राहिले.

राज्यघटनेचा अनुच्छेद २३४ मला तोंडपाठ आहे. जिल्हा न्यायाधीशाच्या खालच्या न्यायिक सेवेतल्या नेमणुका राज्यपाल करतात, आणि त्या ज्या नियमांनी होतात ते लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांचा सल्ला घेऊन केलेले असतात. मुलाखतीच्या दिवसांत हे मी इतक्यांदा घोकलं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्या अनुच्छेदात शिरस्तेदाराचं, म्हणजे तुमच्यासारख्या कोर्टाच्या दप्तराचं काम पाहणाऱ्याचं, नाव कुठे नाही. पण मी दिवाणी न्यायाधीश झाले त्याची सुरुवात आपल्या तालुका कोर्टात, तुमच्या टेबलाशी झाली, हे लोकांना कळावं असं मला फार दिवस वाटत होतं.

तुम्हाला आठवत नसेल, पण आपली पहिली भेट मला लख्ख आठवते. वकिलीची सनद मिळून महिना झाला होता. सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकले होते आणि मी मुदतीचा अर्ज घेऊन धावत आले. तुम्ही अर्ज उलटसुलट पाहिलात आणि परत केलात. "वकीलसाहेब, कोर्ट फीचं तिकीट लावायचं राहिलं." कोर्टात त्या दिवसापर्यंत मला कुणी वकीलसाहेब म्हटलं नव्हतं. पुढे पाहिलं की तुम्ही सगळ्यांनाच तसं म्हणता, कालच्या ज्युनियरलाही आणि तीस वर्षं उभं राहिलेल्यालाही, आणि तिकीट नसेल तर अर्ज दोघांचाही परत करता.

दोन वर्षांनी मी पहिल्यांदा दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा दिली. पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षेत राहिले. शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर, एक दिवाणी कायद्यांचा, एक फौजदारी, आणि मी दोन्हीकडे कलमं ओतून आले होते. मला वाटत होतं की कलम आठवलं म्हणजे कायदा आला. निकालानंतर आठवडाभर कोर्टात तोंड दाखवलं नाही. आले त्या दिवशी तुम्ही सांत्वन केलं नाहीत. एवढंच विचारलंत, "दाव्यात मुद्दे कसे काढतात, ते लिहून दाखवाल?"

मुद्दे म्हणजे कोर्टाने ज्यांवर निर्णय द्यायचा ते वादाचे प्रश्न. मी काय लिहिलं होतं ते आज आठवलं तरी अंग चोरावंसं वाटतं. मग तुम्ही एक रीत घालून दिलीत. निकाली निघालेल्या एखाद्या दाव्याचं दप्तर पाहायचं. पण त्यासाठी रीतसर अर्ज करायचा, फी भरायची, आणि मी त्या प्रकरणात पक्षकार नाही म्हणून साहेबांची परवानगी घ्यायची. एकदाही तुम्ही "बस गं, बघ" म्हणून दप्तर पुढे सरकवलं नाहीत. चालू दाव्याबद्दल तर एक अक्षर नाही. मी एकदा अगदी सहज काही विचारलं, तर तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात आणि मी लाजून निघून गेले. न्यायाधीशाने काय बोलू नये याचा पहिला धडा मला तिथे मिळाला.

मुद्दे काढायचे तर निशाणी १, म्हणजे दावा, वाचायचा. मग प्रतिवादीची कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर. पुढची पानं उलटायची नाहीत. आपण स्वतः मुद्दे काढायचे, आणि ते कागदावर उतरल्यावरच कोर्टाने काढलेले मुद्दे उघडून ताडून पाहायचे.

पहिलं दप्तर बांधाच्या भांडणाचं होतं. वादीचं म्हणणं, शेजाऱ्याने बांध कोरला, निरंतर मनाई हुकूम द्या. मी अकरा मुद्दे काढले. कोर्टाने चार काढले होते. मी हटून बसले की माझे अकराही बरोबर आहेत. तुम्ही पेन्सिल उचललीत आणि कैफियतीतल्या ज्या वाक्यांत प्रतिवादीने सरळ "खरे आहे" म्हटलं होतं त्यांचे परिच्छेद क्रमांक मला कागदावर लिहून दिलेत. माझे पाच मुद्दे त्याच वाक्यांवर होते. भांडण नसलेल्या गोष्टीवर मी कोर्टाला निर्णय द्यायला लावत होते! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १४ च्या पहिल्याच नियमात हे लिहिलेलं आहे, की एक पक्ष जे महत्त्वाचं विधान करतो आणि दुसरा नाकारतो, तिथे मुद्दा उभा राहतो. मी तो नियम कॉलेजपासून वाचत होते. मला तो कळला त्या दुपारी.

अशी साठेक दप्तरं झाली असतील. वाटपाचे दावे, भाडेकरूंचे, करारपूर्तीचे. निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या, अर्जांवरचे आदेश तर मी वेगळे काढून वाचले. प्रथमदर्शनी प्रकरण, सोयीचा तोल आणि भरून न निघणारं नुकसान, या तीन कसोट्या प्रत्येक आदेशात असतात. पण नुसते शब्द लिहिलेला आदेश कोणता आणि खरोखर तोलून पाहिलेला कोणता, हे चार-दोन ओळींत ओळखू यायला लागलं. उत्तन इथल्या न्यायिक अकादमीत निकालपत्र लिहायला बसवलं तेव्हा माझा हात थांबला नाही. तिथे मला कुणीतरी विचारलं, "क्लास कुठला लावला होता?"

पण तुमची मोठी शिकवण याहून वेगळी होती. दप्तराच्या बाबतीत तुमचा एक हट्ट होता: आधी रोजनामा, म्हणजे कोणत्या तारखेला दाव्यात काय झालं त्याची नोंद, वाचायचा. दावा काय, कैफियत काय, ते नंतर. मला ते कंटाळवाणं वाटे. तारखांच्या त्या एकसुरी ओळी. समन्स बजावणीचा अहवाल नाही. पुढील तारीख. प्रतिवादीचे वकील हजर, मुदत दिली. वादी मयत, वारसांना रेकॉर्डवर घेण्यासाठी. पुढील तारीख.

एका दाव्याच्या रोजनाम्यावर तुम्ही मला सबंध दुपार बसवलंत. अकरा वर्षं चाललेला दावा. मला शोधायला सांगितलंत की त्यातला वेळ नेमका गेला कुठे. मी म्हटलं असतं, कोर्टात उशीर होतोच, खटले फार, न्यायाधीश कमी. तेही खरंच आहे. पण त्या रोजनाम्यात पावणेदोन वर्षं एका चुकीच्या पत्त्यावर गेली होती. समन्स जात होतं, परत येत होतं, आणि पत्ता तपासा असं कुणी म्हणत नव्हतं. मग वादी वारला. कायद्याने नव्वद दिवसांत वारसांचा अर्ज यायला हवा होता, तो उशिरा आला, मग उशीर माफीचा अर्ज, त्यावर म्हणणं, त्यावर युक्तिवाद. आणि पुढे एका पानावर साक्षीदार हजर असल्याची नोंद होती, त्याची साक्ष न होताच. त्यापुढच्या तारखेला पुन्हा तेच. तिसऱ्या तारखेला साक्षीदार गैरहजर.

"हा तिसऱ्यांदा का आला नाही, ते रोजनाम्यात लिहिलेलं नसतं," तुम्ही म्हणालात. मग सांगितलंत की तुम्ही त्याला ओळखत होतात. तो शेतमजूर होता. दोन दिवसांची मजुरी बुडवून, एसटीने येऊन, संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात बसून गेला होता. भत्ता कुणी दिला नव्हता. तुम्ही हे सांगताना आवाज चढवला नाहीत, कुणाला दोष दिला नाहीत. दप्तराच्या दोऱ्या बांधल्या आणि कपाटात ठेवलंत.

दुसऱ्या खेपेस मी मुलाखतीपर्यंत पोचले आणि यादीत नाव आलं नाही. त्या वेळी घरात लग्नाचा विषय निघाला होता, वडील थकले होते, आणि मीही. मी तुम्हाला सांगायला आले की आता पुरे. तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या निकाली दाव्यांची एक यादी माझ्या हातात दिलीत, फक्त क्रमांक आणि वर्ष, आणि म्हणालात, "अर्ज आज दिलात तर परवा बघायला मिळतील." बस्स. मी अर्ज दिला.

तिसऱ्या मुलाखतीत मला विचारलं गेलं की बोर्ड भरलेला आहे, दुपार टळली आहे आणि लांबून आलेला साक्षीदार उभा आहे, तर काय कराल? मी त्या शेतमजुराबद्दल सांगितलं, अर्थात नाव-गाव न घेता. उत्तर किती बरोबर होतं मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी पाठ केलेलं काही बोलले नाही.

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन बसला होतात. तरी आठवड्याच्या आत तुमच्या हाताने आखलेला तक्ता टपालाने आला. भारतीय दंड संहितेचं ३०२ आता न्याय संहितेचं १०३, ४२० आता ३१८, फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५४ आता नागरिक सुरक्षा संहितेचं १७३. खाली लाल शाईत ओळ: जुने गुन्हे जुन्याच कलमांनी चालतील, जुनं पुस्तक रद्दीत घालू नका. तो तक्ता माझ्या चेंबरमध्ये काचेखाली आहे. अजून आठवड्यातून दोनदा तरी त्यावर बोट ठेवते.

२० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, तेव्हा ओळखीच्या कितीतरी मुलींचे फोन आले. २००२ मध्ये ही अट काढली गेली होती, त्यामुळे पदवी हातात आली की थेट परीक्षा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला त्यांचं दुःख कळतं. पहिली तीन वर्षं ज्युनियरला हातात काय मिळतं ते मी भोगलंय, आणि घरची ओढाताण असलेल्या मुलीला ती तीन वर्षं फार लांब असतात. ज्युनियरना जगता येईल इतकं मानधन मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण अटीबद्दल मी त्यांना खोटं सांगू शकत नाही. मला जे आलं ते कोर्टाच्या व्हरांड्यात आणि रेकॉर्ड रूममध्ये आलं. म्हणून प्रत्येकीला मी एकच सांगते: ज्या कोर्टात उभ्या राहाल तिथल्या शिरस्तेदाराला, बेलिफाला, नाझराला आधी नमस्कार करा आणि दप्तर कसं चालतं ते विचारा. अर्ज करून, फी भरून.

काका, आता त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या दिवशी माझ्या बोर्डावर बावन्न प्रकरणं होती. पुकारा सुरू झाला तेव्हा माझे हात गार पडले होते. आदल्या संध्याकाळी मी सगळे रोजनामे वाचून ठेवले होते. एकविसाव्या प्रकरणात साक्षीदार हजर होता, त्याची ती दुसरी फेरी होती, आणि दोन्हीकडून पुढची तारीख मागितली गेली. मी साक्ष घेतली. सरतपास झाला, उलटतपास झाला, साक्षीदाराने जबाब वाचून सही केली. सहा वाजून गेले होते. भत्त्याचं मी स्वतः विचारलं. लिपिकाने पावती दाखवली.

त्या दिवसाचा रोजनामा मी स्वतःच्या हाताने लिहिला. साक्ष पूर्ण.

तुमची,
वकीलसाहेब