थंड इंजिनाचा दोष गरम इंजिनावर शोधल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या पेट्रोल गाडीच्या सकाळच्या स्टार्टिंगच्या व आयडलिंगच्या दोषाचे चुकीचे निदान आणि विनाकारण बदललेल्या भागांच्या रकमेचा परतावा

महोदय,

माझ्याकडे १७ वर्षांपूर्वी घेतलेली, चार सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शन असलेली पेट्रोल गाडी आहे. ही गाडी मी तीन वेळा आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दुरुस्तीला दिली आणि तिन्ही वेळा ती आपली मूळ तक्रार तशीच घेऊन घरी परत आली. दरम्यान तिचे स्पार्क प्लग, बॅटरी, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना त्याचा वेग सांभाळणारी झडप) आणि फ्युएल पंप बदलण्यात आले. त्यांपैकी प्लग बदलायला झालेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. उरलेल्या तीन भागांबद्दल आणि मुख्य म्हणजे ते ज्या पद्धतीने बदलले गेले त्याबद्दल हे पत्र आहे.

दोष असा होता. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ मारल्यावर लगेच पकडत नसे. सेल्फ जोरात आणि एकसारखा फिरत असे, पण इंजिन सुरू व्हायला आठ-दहा सेकंद लागत, आणि सुरू झाले तरी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढताच ते थरथरून बंद पडे. दोन-तीन प्रयत्नांनंतर ते कसेबसे टिकले, तरी पहिले काही मिनिटे गाडी ओढत नसे. इंजिन तापल्यावर स्टार्टिंगचा त्रास पूर्ण नाहीसा होई, मात्र सिग्नलला थांबल्यावर आरपीएमची सुई ६०० ते १००० यांच्यामध्ये वरखाली होत राही. हे सर्व मी पहिल्याच भेटीत सेवा सल्लागारांना सांगितले होते आणि जॉब कार्डवर ‘फक्त सकाळी, इंजिन थंड असताना’ असे शब्द आग्रहाने लिहून घेतले होते.

तरीही पहिल्या भेटीत गाडी तपासली गेली ती मी ती चालवत आणल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. तापलेले इंजिन अर्थातच पहिल्या फटक्यात सुरू झाले. स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड आला नाही म्हणून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करण्यात आली आणि प्लग बदलण्यात आले. दुसऱ्या वेळी मी गाडी मुद्दाम रात्रभर आपल्याकडे ठेवली. सकाळी तंत्रज्ञांनी हात लावण्यापूर्वीच ती धुण्यासाठी सुरू करून आवारात फिरवली गेली होती. हा माझा तर्क नाही. आपणच दिलेल्या छापील स्कॅन अहवालात ‘कोल्ड स्टार्ट तपासणी’ या मथळ्याखाली कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान ७१ अंश सेल्सिअस नोंदलेले आहे. रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचे तापमान भोवतालच्या हवेइतकेच असायला हवे, ७१ अंशांचे इंजिन थंड नव्हे, एवढे तरी अहवालावर सही करणाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते. त्याच दिवशी बॅटरी आणि आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह बदलले गेले. तिसऱ्या भेटीत फ्युएल पंप बदलला गेला.

बॅटरीवर संशय घ्यायचा तर आधी तिचा दाब मोजायला हवा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ फिरत असताना ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर ती कमकुवत समजतात. माझ्या जुन्या बॅटरीचा यांपैकी एकही आकडा जॉब कार्डवर नाही. शिवाय सेल्फ दमल्याची तक्रार मी कधीच केली नव्हती. फ्युएल पंपाचेही तेच झाले. रात्रीतून पेट्रोलचा दाब उतरत असेल, तर किल्ली दोन-तीन वेळा चालू-बंद करून मग सेल्फ मारल्यावर स्टार्टिंग सुधारते, कारण प्रत्येक वेळी पंप क्षणभर फिरून लाइनमध्ये दाब भरतो. हे मी घरी आठवडाभर करून पाहिले, फरक पडला नाही, आणि तसे सल्लागारांना सांगितलेही. त्यांनी ते ऐकून घेतले, लिहून मात्र घेतले नाही. दाब मोजण्याचा गेज न लावताच पंप उतरवला गेला.

अखेर मी गाडी एका ओळखीच्या जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी गाडी संध्याकाळी ठेवून घेतली आणि सकाळी कोणी किल्लीला हात लावायच्या आत बॉनेट उघडले. इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून त्यांनी स्कॅनरवर दोन आकडे मला दाखवले. इनटेकमधील, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या, हवेचे तापमान १९ अंश, कूलंटचे तापमान ४६ अंश. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. मग त्यांनी कूलंट टेंपरेचर सेन्सरचा प्लग काढून मल्टिमीटर लावला. अशा सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २५०० ओहम असतो आणि तापमान वाढेल तसा तो घटत जातो. माझ्या सेन्सरचा रोध ९४० ओहम भरला. म्हणजे इंजिन गारठलेले असताना ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) ते कोमट असल्याचे कळत होते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीयू सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. चुकीच्या आकड्यावर विसंबून तो ते जादा पेट्रोल देत नव्हता आणि मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पडत होते.

आपल्या स्कॅनरवर कोड का आला नाही, याचेही उत्तर यातच आहे. तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर कोड येतो, पण ४६ अंश हा आकडा ईसीयूच्या दृष्टीने अशक्य नाही, तो फक्त खोटा आहे. सेन्सरच्या टोकांमध्ये ओल शिरून आतल्या आत विजेची गळती होत होती. अशा गळतीमुळे थंड असताना मोठा फरक पडतो, कारण तेव्हा सेन्सरचा स्वतःचा रोध जास्त असतो. इंजिन तापल्यावर तोच रोध काहीशे ओहमवर येतो आणि फरक जेमतेम काही अंशांचा उरतो. म्हणून गरम गाडी तपासणाऱ्याला हा दोष सापडणे शक्यच नव्हते.

सुई वरखाली होण्याचे कारण वेगळे निघाले. आयडलवर मेकॅनिकनी लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण योग्य ठेवण्यासाठी ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ किंवा घट) पाहिला, तो अधिक १७ टक्के होता. आरपीएम २५०० वर नेताच तो अधिक ४ टक्क्यांवर आला. आयडलवर इंजिन मुळात थोडीच हवा घेते, त्यामुळे बाहेरून शिरणारी हवा तेव्हा मोठी ठरते, आणि वेग वाढला की ती एकूण हवेत नगण्य होते. हे व्हॅक्यूम गळतीचे लक्षण आहे. थ्रॉटल बॉडीखालची पीसीव्हीची (इंजिनाच्या आतली ऑइलची वाफ पुन्हा इंजिनात ओढून घेणाऱ्या व्यवस्थेची) कोपऱ्यात वळलेली रबरी नळी ऑइलच्या वाफेने फुगून खालच्या अंगाला तडकली होती. चीर वरून दिसत नव्हती, बोट फिरवल्यावर लागत होती. त्यांनी पकडीने नळी चिमटताच वरखाली होणारी सुई ८०० वर येऊन स्थिरावली. ही नळी आपण साफ केलेल्या थ्रॉटल बॉडीला आणि बदललेल्या आयडल व्हॉल्व्हला लागूनच आहे. दोन वेळा त्या जागी हात घालूनही ती कोणाला दिसू नये, याचे मला अजूनही वाईट वाटते.

सेन्सर आणि नळी बदलून गाडी आता रोज सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होते, आरपीएम आधी १३०० च्या आसपास राहतो आणि इंजिन तापेल तसा उतरत जातो. आपल्याकडून परत मागून घेतलेले जुने चार प्लग माझ्याकडे आहेत. चारही प्लगांची टोके पांढरट आहेत. मिश्रण पातळ असल्याचा हा इशारा पहिल्याच दिवशी आपल्या तंत्रज्ञांच्या हातात होता.

तिसऱ्या भेटीनंतर सेवा सल्लागारांनी मला ‘गाडीचे वय झाले, आता असेच चालणार’ असे सांगितले आणि तोच शेरा गाडीच्या सेवा नोंदीत लिहिला. गाडी जुनी आहे हे मला मान्य आहे. पण जुन्या गाडीत रबर तडकते, सेन्सर बिघडतात, म्हणून तिथे तपासणी अधिक बारकाईने व्हायला हवी. वय हे निदान नव्हे. या शेऱ्याच्या भरवशावर मी चांगले इंजिन मोडीत काढले असते.

त्यामुळे बॅटरी, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह व फ्युएल पंप यांची किंमत आणि त्यांची मजुरी मला परत मिळावी. हे तिन्ही जुने भाग मला दिले गेलेले नाहीत, ते द्यावेत, आणि बदलण्यापूर्वी त्यांची कोणती चाचणी केली व कोणते आकडे मिळाले हे लेखी कळवावे. चाचणी झालीच नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. सेवा नोंदीतला वयाबद्दलचा शेरा काढून त्या जागी खरा दोष नोंदवावा. आणि माझ्या गाडीपुरते नव्हे तर सर्वांसाठी अशी लेखी सूचना द्यावी, की सकाळच्या स्टार्टिंगची तक्रार असलेली गाडी किमान आठ तास उभी राहिल्याशिवाय तपासली जाणार नाही, तोवर ती कोणी धुण्यासाठीही सुरू करणार नाही, आणि पहिला सेल्फ मारण्यापूर्वी हवा व कूलंट यांची तापमाने जॉब कार्डवर लिहिली जातील. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

तिन्ही जॉब कार्डे, ७१ अंशांची नोंद असलेला आपला स्कॅन अहवाल, मेकॅनिकनी घेतलेल्या आकड्यांची छायाचित्रे आणि काढलेल्या नळीचे छायाचित्र सोबत जोडले आहे. मूळ सेन्सर, नळी आणि चार प्लग माझ्याकडे जपून ठेवले असून आपले तंत्रज्ञ ते माझ्यासमोर तपासू शकतात. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
गाडीची नोंदणीकृत मालक