खाण तशी माती, मग कोय तसा आंबा का नाही?

महोदय,

शाळा सुरू झाल्या की बालवाडी-पहिलीच्या वह्यांत 'जोड्या लावा' हमखास येते : गाय-वासरू, म्हैस-रेडकू, शेळी-करडू, मेंढी-कोकरू, घोडा-शिंगरू. भाषेचा धडा म्हणून हे उत्तमच. ठाण्या-नवी मुंबईच्या सोसायट्यांत वाढणाऱ्या मुलांच्या कानावर करडू, कोकरू हे शब्द एरवी कुठून पडायचे? घोळ पुढे होतो. तोच तक्ता परिसर अभ्यासालाही भिंतीवर लागतो आणि मुलांच्या मनात पक्के बसते, की पिल्लू म्हणजे आईची लहान आकाराची नक्कल. वासरा-करडाला हे बऱ्यापैकी लागू पडते. पण आपल्याकडच्या मुलांना रोज दिसतो तो पक्षी कबुतर, आणि कबुतराचे पिल्लू आईसारखे अजिबात दिसत नाही.

अंडी बहुधा दोन, उबवायला साधारण 18 दिवस. बाहेर येतो तो जीव डोळे मिटलेला, अंगावर विरळ पिवळी लव, चोच अंगाच्या मानाने अवाढव्य. चार-पाच आठवडे ते घरट्यातच वाढते आणि बाहेर पडते तेव्हा जवळजवळ आईबापाएवढे झालेले असते. 'कबुतराची पिल्ले कधी दिसत का नाहीत?' हे मुले विचारतात, त्याचे उत्तर एवढेच. कोंबडीचे पिल्लू मात्र अंड्यातून निघाल्यावर काही तासांत तुरुतुरु चालते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की पाच वर्षांचे मूलही फरक बोलून दाखवते. (कबुतराचे घरटे काचेआडूनच दाखवावे, वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना वाईट.)

हिवाळ्यात ऐरोली, सीवूड्सकडे मुलांना फ्लेमिंगो दाखवायला नेतात. गुलाबी थव्यात काही पक्षी मळकट राखाडी दिसतात आणि 'ते वेगळ्या जातीचे' असे सांगून मोठी माणसे मोकळी होतात. 2015 पासून अभयारण्य असलेल्या ठाणे खाडीत फ्लेमिंगोच्या दोन जाती येतात आणि त्यांतली मोठी जात फिकट असते हे खरे. पण राखाडी-तपकिरी रंग जातीचा नसून वयाचा असतो. खाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जलचरांतून मिळणारे रंगद्रव्य पिसांत उतरते, तेव्हा पक्षी गुलाबी होतो, आणि पूर्ण रंग भरायला काही वर्षे जातात. अगदी कोवळ्या पिल्लाची चोचही सरळ असते, बाक नंतर येतो. ते मात्र खाडीवर दिसणार नाही, कारण वीण इथे होत नाही; त्यासाठी कच्छच्या रणासारख्या जागा लागतात.

म्हणून जोडी लावून झाली की प्रत्येक जोडीला तीन प्रश्न विचारावेत : आत्ता काय सारखे आहे? काय वेगळे आहे? आणि वेगळे आहे ते मोठेपणी सारखे होईल का? तिसरा प्रश्न तक्त्यांत नसतो, आणि खरी गंमत त्यातच आहे.

त्यासाठी लिंबाची किंवा कढीपत्त्याची एक कुंडी पुरे. पावसाळ्यात पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, तपकिरी-पांढरी अळी सापडते. कात टाकत ती शेवटी हिरवी होते. अंड्यापासून कोशापर्यंत दोन-अडीच आठवडे, पुढे फुलपाखरू निघायला साधारण आठ ते बारा दिवस. अळी मोठ्या तोंडाच्या बरणीत ठेवून तोंडाला सुती कापड आणि रबर लावावे. झाकण लावले तर आत दमट होऊन बुरशी धरते. रोज त्याच झाडाची ताजी पाने द्यावीत; लिंबावरची अळी जास्वंद खात नाही, उपाशी मरते. बाजारचा कढीपत्ता घालू नये, फवारणीचा असू शकतो. एक काडी तिरपी ठेवावी, कोश तिला चिकटतो. फुलपाखरू निघाल्यावर पंख सुकेपर्यंत दोन-तीन तास हात लावायचा नाही. कधीकधी कोशातून फुलपाखराऐवजी माशी किंवा बारीक गांधीलमाशी निघते. तिच्या आईने अळीच्या अंगात अंडी घातलेली असतात. हे मुलांपासून लपवू नये. माशीच्या अंड्यातून माशीच निघाली, हाही धडाच.

बेडकाचे थोडक्यात : बेडूकमाशाला आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि शेपूट आखडत अंगात जिरते. ते गळून पडते असे शिकवले जाते, ते चूक. येऊर किंवा खारघरच्या डबक्यातले बेडूकमासे नळाच्या पाण्यात टाकले तर क्लोरीनने मरू शकतात. तिथेच पाहावेत, तिथेच ठेवावेत.

वनस्पतींकडे तक्ते ढुंकूनही पाहत नाहीत, आणि वर्गात करायला सोपे तर तेच. मूग, मेथी, धणे आणि मका, प्रत्येकी दहा-बारा दाणे घ्यावेत. मूग, मका, मेथी रात्रभर भिजवावी. धण्याचा गोल दाणा म्हणजे आत दोन बिया असलेले फळ. लाटण्याने हलके दाबून दोन फाका कराव्यात, मग भिजवावे. डाळ किंवा भाजलेले धणे उगवत नाहीत, तरी दरवर्षी कुणीतरी मूगडाळ आणतेच. ओल्या कापसापेक्षा माती बरी. पावसाळ्यात कापूस चिंब राहतो, बी कुजते, वर काळी बुरशी येते. दह्याच्या रिकाम्या डब्याला तळाशी चार भोके पाडून माती आणि शेणखत निम्मे-निम्मे भरावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरावे.

मुगाचे कोंब तीन-चार दिवसांत दिसतात, मेथीचेही. धण्याला दहा-बारा दिवस लागतात. पहिल्यांदा येणारी जोडी खरी पाने नसून बीजदले, म्हणजे बीच्याच आतली दले असतात. मेथीची बीजदले लांबट गोल, कोथिंबिरीची तर गवतासारखी अरुंद. मुले म्हणतात, 'ही कोथिंबीर नाहीच!' फेकून देऊ नये. तिसऱ्या आठवड्यात नक्षीदार पान येते आणि चुरगळल्यावर वासही तोच येतो. मुगाची खरी पानांची पहिली जोडी साधी असते, तीन पानांचा संच त्यानंतर सुरू होतो. मेथीचेही पहिले पान एकटेच. मक्याला एकच बीजदल आणि तेही मातीखाली, म्हणून तो थेट सुरळी होऊन वर येतो आणि पहिल्या दिवसापासून आईसारखा दिसतो. रोपे लांबुळकी, पिवळट झाली तर तो त्यांचा वंश नसून गॅलरीतला अपुरा उजेड असतो. डबा खिडकीशी आणून रोज अर्धा फिरवावा.

भरतीने काठाला लागलेले तिवराचे (खाडीकाठच्या खारफुटीचे) फळ मिळाले तर साल काढून बघावे. आत घडी घातलेली दोन जाड हिरवी दले आणि मूळ धरू लागलेले बाळरोप तयारच असते.

आता आंब्याबद्दल, कारण इथे मोठ्यांचाही गोंधळ असतो. हापूसची कोय आंबा खाल्ल्यापासून आठवडाभरात पेरावी. महिनाभर उन्हात वाळवलेली कोय बहुधा मेलेली असते. टणक कवच फोडून आतली बी बाकदार बाजू वर करून लावली की दोन-तीन आठवड्यांत तांबूस पानांचे रोप येते. रंग पाहून घाबरू नये, आंब्याची कोवळी पालवी तशीच असते. पण या झाडाला हापूसच लागेल असे नाही. कोयीत अर्धा वाटा परागाचा, आणि पराग कुठल्या झाडाचा ते मधमाशी-माशीच जाणे. म्हणून कोकणात रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची फांदी बांधून कलम करतात. फांदीतून वाढलेले झाड हापूसच राहते. केळीचे मुनवे, पुदिन्याची काडी, पानफुटीचे पान, बटाट्याचा डोळा यांतून येते तेही आईचीच हुबेहूब प्रत. मुलांना सांगायला वाक्य सोपे आहे : फांदीतून आईच येते, बियांतून आई-बाबा दोघे येतात.

शेवटची गोष्ट कोकिळेची. पावसाच्या तोंडावर कावळ्याच्या घरट्यात तिचे पिल्लू वाढते. कावळीण त्याला भरवते, तरी ते कोकीळच होते. रूप आणि आवाज जन्मदात्यांचा, खाऊ कावळिणीचा. हेच उदाहरण मनात ठेवून शाळांना एक विनंती आहे. 'माझे नाक कोणावर गेले, डोळे कोणावर गेले' हा गृहपाठ देऊ नये. वर्गात दत्तक घेतलेली मुले असतात, एकाच पालकाजवळ वाढणारी असतात, आणि त्यांनी तो रकाना कसा भरायचा? त्याऐवजी सोसायटीतली मांजर आणि तिची पिल्ले चितारायला द्यावीत. एका वेतातली पिल्ले चार रंगांची का, हा प्रश्न मुलेच काढतात, आणि त्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात हे सांगायला शिक्षकांनी संकोचू नये.

आपले,
मुलांसाठी निसर्गओळखीचे वर्ग घेणारे शिक्षक, ठाणे व ऐरोली